थोरांची चरित्रे आणि नववीतला मुलगा

एका तालुक्याच्या गावी विज्ञान शिक्षकांचे शिबिर होते. ‘प्रकाश आणि डोळा’ या विषयावर बोलण्यासाठी मी गेलो होतो. भिंग, दृष्टिपटल, प्रतिमा उलटी पडूनही आपल्याला सुलटे का दिसते, अशी नेहमीची प्रश्नोत्तरे झाली. चहाच्या वेळी एक बाई बाजूला येऊन थांबल्या. त्यांच्या नववीच्या वर्गात एक हुशार मुलगा होता. संध्याकाळी मैदानावरून परतताना तो धडपडायचा, बाजूने आलेला चेंडू त्याला दिसायचा नाही. पण पुस्तकातला बारीक टाइप मात्र तो घडाघडा वाचायचा. त्यामुळे वर्षभर घरच्यांना आणि शाळेला वाटत राहिले, की पोरगा सोंग करतो आहे. शेवटी जिल्ह्याच्या गावी तपासणी झाली आणि रेटिनायटिस पिग्मेंटोसा असे निदान झाले.

हा दृष्टिपटलाचा आनुवंशिक विकार आहे. दृष्टिपटलात दंडपेशी आणि शंकुपेशी अशा दोन प्रकारच्या प्रकाशसंवेदी पेशी असतात. अंधुक उजेडात पाहण्याचे आणि नजरेच्या कडेचे टिपण्याचे काम प्रामुख्याने दंडपेशींचे, तर भर उजेडात बारीक तपशील आणि रंग पाहण्याचे काम शंकुपेशींचे. या विकारात सहसा दंडपेशी आधी मरतात. म्हणून मुलाला वाचता येते, पण दाराची चौकट लागते. दुपारी तो धावतो आणि दिवेलागणीला चाचपडतो. नळीतून पाहावे तसे त्याचे दृष्टिक्षेत्र वर्षानुवर्षे आकसत जाते. शिक्षकांनी हे ध्यानात ठेवले, तर एखाद्या मुलावरचा सोंगाचा आळ तरी टळेल.

पण बाईंचा प्रश्न डोळ्याबद्दल नव्हता. निदान झाल्यापासून मुलगा बोलेनासा झाला होता. कबड्डी सोडली, मागच्या बाकावर जाऊन बसू लागला. बाईंनी त्याला हेलन केलरचे चरित्र वाचायला दिले. जगातल्या थोर अंध व्यक्तींची यादीही स्वतःच्या हाताने लिहून दिली. दोन दिवसांनी त्याने पुस्तक परत केले. ‘छान आहे, बाई,’ एवढेच म्हणाला आणि तेव्हापासून बाईंना टाळू लागला. ‘माझं काय चुकलं, सर?’ असे त्यांनी विचारले, तेव्हा माझ्यापाशी उत्तर नव्हते.

पुढे वर्षभर मी सवडीने अंध लेखकांची आत्मचरित्रे वाचत होतो. आपण शिक्षक मंडळी ज्या पुस्तकांना औषधासारखी वापरतो, त्यांत खरोखर काय असते, हे मला पाहायचे होते. हा लेख म्हणजे त्या वाचनाचे परीक्षण आहे.

दोन माणसे, सारखीच सुरुवात

हेलन केलर यांच्या ‘द स्टोरी ऑफ माय लाइफ’बद्दल आधी दोन शब्द. हे पुस्तक १९०३ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा लेखिका २२ वर्षांची महाविद्यालयीन विद्यार्थिनी होती. एकोणिसाव्या महिन्यात आलेल्या आजारपणात दृष्टी आणि श्रवण दोन्ही गेलेल्या मुलीने एवढे लिहावे, याचे आश्चर्य आजही ओसरत नाही. पण २२ वर्षांच्या माणसाला स्वतःच्या आयुष्याकडे वळून पाहायला जागा किती असणार? ते एका चढणीचे वर्णन आहे. चढून गेल्यावर पुढे काय वाटले, हे त्यात असूच शकत नाही. म्हणून मी जास्त वय झाल्यावर लिहिलेली पुस्तके निवडली. एक लेखक वेद मेहता, दुसरे खिरात व्हर्मे.

वेद मेहता यांचा जन्म १९३४ साली लाहोरला झाला. चौथा वाढदिवस दोन महिन्यांवर असताना मेंदूज्वराने त्यांची दृष्टी गेली. व्हर्मे यांचा जन्म १९४६ साली हॉलंडमध्ये. जन्मजात काचबिंदूमुळे तेही तिसऱ्या-चौथ्या वर्षापर्यंत पूर्ण अंध झाले. दोघांनाही कोवळ्या वयात घरापासून दूर अंधांच्या निवासी शाळेत ठेवण्यात आले. दोघेही पुढे अमेरिकेत शिकले आणि नामवंत झाले. मेहता ‘द न्यूयॉर्कर’ या साप्ताहिकाचे लेखक म्हणून, तर व्हर्मे शंख-शिंपल्यांच्या उत्क्रांतीचे संशोधक म्हणून. सुरुवात एवढी सारखी असूनही दोघांची मने मात्र फार वेगळ्या वाटेने गेली. अर्थात, दोन माणसांवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे संशोधक म्हणून मी जाणतो. पण प्रश्न नीट विचारायला दोन उदाहरणे पुरतात.

दादरची शाळा

मेहतांनी आपल्या आयुष्यावर बारा-एक पुस्तकांची मालिका लिहिली. त्यांतले ‘वेदी’ (१९८२) आपल्या शिक्षकांनी आवर्जून वाचावे असे आहे, कारण ते बरेचसे मुंबईत, दादरच्या अंधशाळेत घडते. पाच वर्षेही पुरी न झालेल्या मुलाला वडील लाहोरला गाडीत बसवून देतात. वडील सार्वजनिक आरोग्य खात्यातले डॉक्टर, विलायतेत शिकलेले. मुलाने शिकले पाहिजे, भीक मागणाऱ्या अंधांच्या वाटेला तो जाता कामा नये, ही त्यांची तळमळ. आईला मात्र हे अंधत्व कायमचे आहे हेच पटत नाही. हकीम झाले, पंडित झाले, उपाय थांबत नाहीत. एकाच घरात एकाला अंधत्व म्हणजे जिद्दीने ओलांडायचा अडथळा वाटते, तर दुसरीला ते उतरवायचे संकट वाटते. या दोहोंमध्ये मुलाला स्वतःला काय वाटते, हे विचारणारे कोणी नाही.

दादरला गिरण्यांच्या परिसरात, बहुतांशी गरीब आणि अनाथ मुलांच्या सोबतीत हा खात्यापित्या घरचा मुलगा राहू लागतो. झोपायला मुलांच्या खोलीत, पण जेवायला मुख्याध्यापकांच्या कुटुंबात, असा त्याचा दर्जा. तो वारंवार आजारी पडतो. ब्रेलची अक्षरे बोटांखाली येऊ लागतात आणि त्याला आनंदही होतो. लेखकाने हे सारे मुलाच्या पातळीवर उतरून सांगितले आहे. ऐकू येते ते, हाताला लागते ते, नाकाला कळते ते. कोणताही उपदेश नाही, मोठेपणीचे शहाणपण मध्ये घुसडलेले नाही. माझ्या मते ही त्यांची सर्वांत चांगली कृती आहे.

तिच्यात एक मोठी उणीवही आहे. शेजारच्या खाटांवर झोपणारी मुले आपल्याला भेटतात, पण त्यांचे पुढे काय झाले हे नीटसे कळत नाही. ज्या मुलाच्या मागे डॉक्टर वडील होते त्याचे पुस्तक झाले. ज्यांच्यामागे कोणी नव्हते ती मुले त्याच्या पुस्तकातली पात्रे झाली. थोरांची चरित्रे वाचायला देताना हा हिशेब आपण विसरतो. चरित्र ज्याचे होते, तो शंभरांतला एक असतो. उरलेल्या नव्याण्णवांना ते वाचून धीर येईल की स्वतःची लाज वाटेल, याचा विचार आपण क्वचितच करतो.

आवाजाची सावली

पुढे १९४९ साली, पंधराव्या वर्षी, मेहता एकटे अमेरिकेत अर्कान्सासच्या अंधशाळेत दाखल झाले. त्याआधी अनेक शाळांनी त्यांना नकार दिला होता. इतक्या लहान वयात परक्या संस्कृतीत आलेला मुलगा धड इकडचा ना धड तिकडचा होईल, असे कारण सांगण्यात येई. ही नोंद मला फार बोलकी वाटते. ‘त्याच्या मनाला झेपणार नाही’ या काळजीच्या शब्दांत दार बंद करणे सोपे असते. आपल्याकडेही अंध मुलाला प्रयोगशाळेपासून किंवा सहलीपासून दूर ठेवताना हेच शब्द ऐकू येतात.

या काळावरचे पुस्तक ‘साउंड-शॅडोज ऑफ द न्यू वर्ल्ड’ (१९८५). आवाजाच्या सावल्या हे नाव नुसते काव्यमय नाही, त्यामागे विज्ञान आहे. काही अंध व्यक्तींना समोरची भिंत, खांब, उभी मोटार हात न लावता जाणवते. जुन्या काळी याला ‘चेहऱ्याची दृष्टी’ म्हणत, कारण खुद्द त्या व्यक्तींनाच चेहऱ्यावर काहीतरी दाब आल्यासारखे वाटे. १९४४ साली कॉर्नेल विद्यापीठात सुपा, कॉटझिन आणि डॅलनबाख यांनी या समजुतीचा छडा लावला. यांपैकी सुपा स्वतः अंध होते. अंध आणि डोळे बांधलेल्या डोळस व्यक्तींना अडथळ्याकडे चालत जायला सांगितले. चेहरा आणि हात जाड नमद्याने झाकले, तरी अडथळा जाणवत राहिला. कान बंद केले, तेव्हा मात्र प्रत्येक जण धडकला. बूट काढून गालिचावरून चालायला लावल्यावर अंदाज बिघडला. म्हणजे काम चेहऱ्याचे नव्हे, कानाचे. पावलांच्या आवाजाचा प्रतिध्वनी हीच ती ‘दृष्टी’. आणखी महत्त्वाचे म्हणजे, डोळे बांधलेल्या डोळस व्यक्तींनाही सरावाने ते जमू लागले.

पुढील संशोधनाने यात भर घातली. अंध व्यक्ती बोटांनी ब्रेल वाचतात, तेव्हा मेंदूतले दृष्टीचे क्षेत्र कामाला लागते, हे १९९६ साली दिसून आले. प्रतिध्वनीवरून वस्तू ओळखण्यात तरबेज असलेल्या दोन अंध व्यक्तींच्या मेंदूतही हेच क्षेत्र उजळते, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. मेंदू आपली जागा रिकामी ठेवत नाही. नववीच्या मुलाला थोर माणसांच्या यादीपेक्षा हा प्रयोग सांगितला असता तर? वर्गातल्या सर्वांचे डोळे बांधून व्हरांड्यात भिंतीकडे चालण्याचा प्रयोग करता येतो. सगळेच अडखळतात, सगळेच थोडे शिकतात. मात्र त्या मुलाला आधी एकट्याला विचारून, त्याची इच्छा असेल तरच. आणि एक पथ्य हवे. ‘बघा, अंधांचे किती हाल!’ या निष्कर्षाशी प्रयोग थांबवायचा नाही. पाच मिनिटे डोळे बांधल्याने कळतो तो नवख्याचा गोंधळ. सरावलेल्या माणसाचे जगणे त्यातून कळत नाही.

यशाच्या आत

मेहतांना हे कौशल्य इतके साधले, की पुढे न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरही ते पांढऱ्या काठीशिवाय हिंडत. त्यांच्या वार्तांकनात माणसांचे कपडे, चेहरे, खोल्यांचे रंग यांची बारीक वर्णने असत. वाचकाला ओळखू येऊ नये, की हे अंधाने लिहिले आहे. पोमोना, ऑक्सफर्ड, हार्वर्ड अशी पदव्यांची रांग, पुस्तकांमागून पुस्तके. आपल्या यादीत हे नाव बसवायला काहीच हरकत नव्हती.

आणि मग त्यांनी साठी उलटल्यावर ‘ऑल फॉर लव्ह’ (२००१) लिहिले. तरुणपणी ज्या चार स्त्रियांवर प्रेम केले, त्यांची ही हकिगत. त्यात उघड होते, की त्या नात्यांमध्ये अंधत्वाचा विषय निघत नसे. लेखक आपल्याला दिसते अशाच थाटात वावरत होता, आणि समोरची व्यक्तीही ते नाटक चालू देत होती. चारही नाती तुटली. त्यानंतर त्यांनी मनोविश्लेषकाकडे दीर्घकाळ उपचार घेतले. आपण स्वतःपासून काय लपवत आलो, हे तिथे, त्या खोलीत त्यांना हळूहळू उमगत गेले.

वाङ्मयीन दृष्ट्या हे पुस्तक ‘वेदी’च्या तोडीचे नाही. ते लांबते, आणि त्या स्त्रियांची बाजू आपल्याला लेखकाच्याच तोंडून कळते. पण शिक्षकाच्या दृष्टीने या मालिकेतले हे सर्वांत महत्त्वाचे पुस्तक आहे. पाच वर्षांच्या मुलाला जे कोणी विचारले नव्हते, ते पस्तिशीच्या आसपासच्या माणसाला पैसे मोजून स्वतःला विचारावे लागले. पदव्या म्हणजे समायोजन नव्हे. ‘तुला काही कमी नाही, तू डोळसांसारखाच आहेस,’ हे वाक्य आपण धीर देण्यासाठी बोलतो. मुलाला त्यातून ऐकू जाते ते असे, की ‘डोळसांसारखा दिसलास, तरच तू आमचा.’

शंखांचा अभ्यासक

व्हर्मे यांचे ‘प्रिव्हिलेज्ड हँड्स’ (१९९७) हे दुसऱ्या टोकाचे पुस्तक आहे. त्यांच्या घरात अंधत्वाबद्दल कुजबुज नव्हती. आईवडील आणि थोरला भाऊ, तिघेही ब्रेल शिकले. भाऊ दिसेल त्या गोष्टीचे वर्णन करून सांगे. निवासी शाळेतला एकटेपणा मुलाला मानवला नाही. कुटुंब १९५५ साली अमेरिकेत न्यू जर्सीला गेले, तेव्हा त्याला सर्वसाधारण शाळेत घालण्यात आले. तिथे चौथीच्या बाईंनी फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरून आणलेले शंख वर्गाच्या खिडकीत मांडून ठेवले होते. मुलाने ते हातात घेतले. हॉलंडच्या किनाऱ्यावरच्या खडबडीत, खडूसारख्या शिंपल्यांहून हे किती निराळे, किती गुळगुळीत आणि घाटदार! असे का असावे, हा प्रश्न त्याच्या मनात आला, आणि त्याच प्रश्नावर त्याने आयुष्य काढले. त्या बाईंनी मुलाला धीर देण्यासाठी काही केले नव्हते. त्यांनी खिडकीत शंख ठेवले आणि मुलांना हात लावू दिला, एवढेच.

पुढे येल विद्यापीठात प्रवेशासाठी मुलाखत होती. अंध माणूस जीवशास्त्र कसे करणार, अशी शंका असलेले प्राध्यापक त्यांना संग्रहालयात घेऊन गेले आणि एक शंख हातावर ठेवून ‘ओळखा’ म्हणाले. व्हर्मे यांनी बोटे फिरवून जातीसकट नाव सांगितले, दुसराही ओळखला. शंका संपली. नंतर ग्वाम बेटावर काम करताना त्यांच्या बोटांना उष्ण समुद्रातल्या शंखांवर तुटून पुन्हा सांधल्याचे व्रण, जाड कवचे आणि अरुंद तोंडे जाणवली. शंख फोडणारे खेकडे आणि फोडून न देणारे शंख यांच्यातल्या या चढाओढीवरून त्यांनी उत्क्रांतीविषयीचा आपला विचार उभा केला. डोळ्यांनी हजारो शंख पाहिलेल्यांचे ज्याकडे फारसे लक्ष गेले नव्हते, ते बोटांनी टिपले.

संशोधक म्हणून मला हे पुस्तक अतिशय आवडले. पण परीक्षक म्हणून तक्रार आहे. पौगंडावस्थेबद्दल ते फार कमी बोलते. मित्र, मैत्रिणी, राग, भीती यांवरून लेखक झपाट्याने पुढे जातो आणि पुन्हा शंखांपाशी येतो. दयेचा त्याला तिटकारा आहे, तो रास्तच. मात्र प्रयत्न आणि शिस्त यांचे श्रेय तो इतके ठळक मांडतो, की ब्रेल शिकलेले घर, सरकारकडून मिळालेली ब्रेल पुस्तके, वाचून दाखवणारी माणसे हा सारा पाया नजरेआड जाण्याची भीती वाटते. लेखक त्यांचे ऋण मान्य करतो, पण घाईने. ज्याच्या गावात ब्रेलचे एक पुस्तक मिळत नाही, त्या मुलाला केवळ जिद्दीचा धडा देणे हा अन्याय ठरेल.

शोकाची सक्ती

या दोन पुस्तकांना जोडणारे दोन विचार मानसशास्त्रात मिळतात. दुसऱ्या महायुद्धात अपंगत्व आलेल्या सैनिकांशी बोलून तमारा डेम्बो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मांडले, आणि बिअट्रिस राइट यांनी १९६० च्या आपल्या ग्रंथात विस्ताराने सांगितले. पहिला असा, की धडधाकट माणूस ज्या गोष्टीला मौल्यवान मानतो, ती गमावलेल्याने दुःखी असलेच पाहिजे अशी त्याची अपेक्षा असते. तो हसला तर ‘काय धीराचा आहे!’ म्हणायचे, पण साधेपणाने आनंदात आहे असे मानायचे नाही. दुसरा विचार ‘पसरण्या’चा. एक उणीव साऱ्या व्यक्तिमत्त्वावर पसरवली जाते. डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून आपण मोठ्याने बोलतो, आणि ‘याला चहात साखर चालेल का?’ असे त्याच्याऐवजी सोबतच्या माणसाला विचारतो.

याच संदर्भात जुना वादही आठवतो. अमेरिकेतील धर्मोपदेशक टॉमस कॅरल यांनी १९६१ साली अंधत्व म्हणजे एक नव्हे तर वीस प्रकारची हानी, असे मांडले. तिचा शोक केल्यावाचून नवे आयुष्य सुरू होत नाही, असे त्यांचे म्हणणे. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट स्कॉट यांनी १९६९ साली दुसरी बाजू मांडली. असहाय अंध माणूस डोळे गेल्याने होत नाही. भोवतालची माणसे आणि संस्था त्याला तशी भूमिका शिकवतात. मला वाटते, चार वर्षांच्या आत अंध झालेल्याला स्कॉट अधिक लागू पडतात. त्याने दृष्टी फारशी अनुभवलेलीच नसते, मग शोक कशाचा करणार? पण चौदाव्या वर्षी ज्याची दृष्टी हळूहळू चालली आहे, त्याच्या बाबतीत कॅरल यांना बाजूला सारता येत नाही.

इथेच मला बाईंच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळाले. मेहता, व्हर्मे, केलर, तिघेही आठवणी जमण्याच्या सुमारास किंवा त्याआधी अंध झाले. रोज थोडे थोडे गमावण्याचा अनुभव त्यांच्या पुस्तकांत नाही. आज दिसणारा फळा पुढच्या वर्षी दिसेल का, सायकल कधी सोडावी लागेल, मित्रांना सांगायचे की नाही, असले प्रश्न त्यांना पडलेच नव्हते. अंशतः दिसणाऱ्या मुलाची अडचण अशी, की तो डोळसांत आंधळा आणि अंधांत डोळस ठरतो. बाईंनी दिलेले पुस्तक चांगले होते, पण त्यात त्या मुलाला जागाच नव्हती. ज्या दिवशी त्याला रडायचे होते, त्या दिवशी आपण त्याच्या हाती विजयाची कथा दिली.

ब्रिटनमधले प्राध्यापक जॉन हल यांचे ‘टचिंग द रॉक’ (१९९०) या बाबतीत अधिक प्रामाणिक आहे. लहानपणी सुरू झालेला नेत्रविकार वाढत जाऊन १९८० च्या सुमारास, पंचेचाळिशीत, त्यांची दृष्टी संपली. मग त्यांनी ध्वनिफितींवर रोजनिशी बोलून ठेवली. तिच्यात हताशा आहे, घाबरणे आहे, मुलांचे चेहरे न दिसण्याचे दुःख आहे. आणि पावसाच्या आवाजाने अंगण, कुंपण, झुडपे यांचे आकार एकदम जाणवले, तो क्षणही आहे. पण तोही प्रौढाचा अनुभव. नववीच्या मुलाला हल यांचे पुस्तक द्यावे असे मी म्हणणार नाही. ते शिक्षकांनी वाचावे.

मग द्यायचे काय?

पुस्तके शिक्षकांनी वाचायची आणि मुलाला वेगळेच काहीतरी द्यायचे, असे मला आता वाटते. सर्वप्रथम ऐकून घेणे. ‘तुला काय अडचण येते?’ हे एकांतात, घाई न करता विचारणे आणि उत्तर आले नाही तरी न रागावता पुन्हा केव्हातरी विचारणे. दुसरे, कौशल्य. काठी घेऊन चालणे, ब्रेल, मोबाइल फोनमधले वाचून दाखवणारे साधन, या गोष्टी दृष्टी शिल्लक असतानाच शिकायला लागाव्यात. मानसिक आधार आणि प्रशिक्षण ही दोन वेगळी खाती आहेत असे आपण समजतो. पण संध्याकाळी एकट्याने घरी येता येते, ही खात्री कोणत्याही समजावणीपेक्षा मोठा आधार असतो. मात्र त्यासाठी अंधत्व लपवण्याची सक्ती नको. काठी हातात घेणे ही हार नव्हे, हे आधी आपल्याला पटायला हवे.

तिसरे, थोर माणसाऐवजी साधा माणूस. याच वाटेने चार-पाच वर्षांपूर्वी गेलेला, आता महाविद्यालयात शिकणारा किंवा बँकेत नोकरी करणारा तरुण गाठून द्यावा. मुंबईत १९५२ साली स्थापन झालेली नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड आणि तिच्यासारख्या संस्थांमार्फत अशा ओळखी होऊ शकतात. चौथे, घर. विकार आनुवंशिक असला, की आईवडिलांत दोष कोणाच्या रक्ताचा यावरून वाद पेटतो, आणि मुलगा ते दाराआडून ऐकत असतो. जनुके कोणी निवडून देत नाही, हे विज्ञानशिक्षकाने घरी जाऊन सांगावे. त्याच्याइतके ते दुसरे कोण सांगणार?

आणि शेवटचे म्हणजे आपली मर्यादा ओळखणे. जेवण-झोप बिघडली, मुलगा सर्वांपासून तुटला, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागला, तर ते काम शिक्षकाचे राहत नाही. मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक गाठायला हवा. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा (१४४१६) २०२२ पासून सुरू आहे.

त्या बाईंना मी हे सारे पत्राने कळवले. काही महिन्यांनी त्यांचा फोन आला. त्यांनी मुलाला सांगितले होते, ‘ते पुस्तक देण्यात माझी घाई झाली. मला आधी तुझ्याशी बोलायला हवं होतं.’ तो काही बोलला नाही. पण आठवड्याने शाळा सुटल्यावर थांबला आणि विचारले, ‘बाई, दहावीला लेखनिक मिळतो म्हणतात. त्यासाठी काय करावं लागतं?’ बाईंनी नियम शोधून काढले. लेखनिक घेता येतो, जादा वेळही मिळतो, आणि अपंगत्वाचे प्रमाणपत्र वेळेवर काढावे लागते, हे त्याला सांगितले. मग दोघांनी मिळून अर्ज लिहिला.

मुलगा सुधारला, असे मी म्हणणार नाही. त्याची दृष्टी कमीच होत जाणार आहे. पण त्याने पुढच्या वर्षाबद्दल एक प्रश्न विचारला, आणि तो बाईंना विचारला.